रंगाचं माझ्यावर सोडा

...हात जड आहे म्हणे माझा! माझा! अहो, ज्या माणसाने उभं आयुष्य रंगात काढलं, ज्याने भिंती रंगवल्या, दारं रंगवली, एकदा तर दुकानाच्या मालकाच्या सासऱ्याच्या लाकडी पायाला खऱ्या पायाचा रंग जुळवून दिला आणि म्हातारा महिनाभर दोन्ही पायांना साबण लावत बसला, त्या माणसाला आज सकाळी, त्याच्याच बाथरूममध्ये, त्याच्याच स्टुलावर बसून, त्याचाच जुना टॉवेल गळ्याभोवती गुंडाळून ऐकवलं जातं, की हात जरा जड आहे हो तुमचा. कोणी ऐकवलं ते सांगतो. पण आत्ता नाही. ते आधी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ह्या, एवढंच होय, आणि उठून जाल, आणि मग माझं सगळं पोटातच राहील.

तर तुम्हाला सांगतो, मी रंगाच्या दुकानात असतो. काउंटरच्या मागे, रंग बनवायला. लोक काय काय घेऊन येतात! कोणी पडद्याचा तुकडा आणतं, कोणी कपाची फुटकी कड, एक बाई तर नवऱ्यालाच घेऊन आली, म्हणाली यांच्या शर्टाचा रंग मला बेडरूमला पाहिजे, आणि तो बिचारा तासभर काउंटरपाशी उभा, शर्ट काढू की नको या विचारात. मी बघतो, डोळे बारीक करतो, डब्यात चार थेंब इकडचे, दोन तिकडचे, ढवळलं, काडीने कागदावर ओढलं, वाळलं, हा घ्या! आता मशीन आलंय, बटण दाबलं की रंग तयार. पण मालक अजूनही अडलं गिऱ्हाईक माझ्याकडेच पाठवतात आणि मी गिऱ्हाइकाला एकच वाक्य सांगतो... रंगाचं माझ्यावर सोडा.

हेच वाक्य मी हिला सांगितलं होतं. ही म्हणजे आमची ही, बायको. पस्तिशीत होती तेव्हा, आरशापुढे उभी, कानावरची एक बट चिमटीत धरलेली, चेहरा असा की घरात चोर शिरलाय. अहो, बघा ना. बघितलं, पांढरी! एक नाही, आतमध्ये अख्खं बिऱ्हाड. म्हटलं, त्यात काय एवढं, रंगाचं माझ्यावर सोड. गेलो, काळ्या डायची पुडी आणली, लावली, धुतली... आणि डोक्यावर बुटाचं पॉलिश! कारण निव्वळ काळा हा केसांचा रंगच नाही मुळी, हे त्या पुडीवाल्यांना कोण सांगणार? मग मी काळ्यात गडद तपकिरी मिसळला, कानशिलांपाशी तपकिरी थोडा जास्त, भांगापाशी कमी, आणि काय सांगू तुम्हाला, जन्मापासूनचे वाटावेत असे केस! तेव्हापासून दर तिसऱ्या रविवारी आमचा कार्यक्रम ठरलेला. खाली जुना पेपर, मधे स्टूल, माझ्या हातात मोजे, ती मान खाली घालून बसलेली, आणि दाराला आतून कडी.

कडी कशाला? घरात माणसं दोन, दोघंही आत, मग कडी कोणासाठी? तर सासूबाईंसाठी! त्या राहतात दुसऱ्या गावी, पण त्यांचा काही नेम नाही. आणि सासूबाईंचं... तेल.

सासूबाई तेल करतात. केसांचं. पातेलंभर काहीतरी कढवतात, त्यात काय असतं ते त्यांनाच माहीत, वास असा की कुत्रं रस्ता बदलतं. वय ऐंशीच्या पुढे, कणा ताठ, आणि डोक्यावर एक केस पांढरा नाही. एक नाही! सगळ्या गल्लीला बाटल्या वाटतात, आणि कोणी शंका काढली की म्हणतात, माझं सोडा, माझी लेक बघा, पन्नाशी उलटली तिची, कोणी म्हणेल का? म्हणजे तुमच्या लक्षात येतंय का, मी बाथरूममध्ये जे डोकं रंगवत होतो ते त्यांच्या तेलाची चालती-बोलती जाहिरात होतं! आणि तेल? दर दोन महिन्यांनी कॅन यायचा. टाकवत नाही, लावलं तर रात्रभर झोप नाही. मग एकदा मी ते फाटकाच्या बिजागरीला घालून बघितलं. अहो, काय तेल आहे! आमच्या घरातलं एकही दार करकरत नाही. कपाटं नाहीत, खिडक्या नाहीत, शेजारच्यांची सायकलसुद्धा आमच्याच तेलावर चालते.

आता हे सासूबाईंना सांगणार कोण? मी? माझी काय बिशाद. ही? ही तर म्हणायची, तिला दुसरं आहे काय हो, बाबा गेल्यापासून ते पातेलं आणि मी.

आणि मग तिची गाठ निघाली.

छातीत. तपासणी झाली, तसलीच निघाली. कॅन्सर. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, डॉक्टर म्हणाले वेळेत आलात, आता किमो घ्यायची, पुढे सगळं व्यवस्थित होईल. ही माझ्यासारखी नाही हो, हिने डॉक्टरांना नीट प्रश्न विचारले, ऐकून घेतलं आणि ऑपरेशनच्या आधीच आईला फोन केला. मी शेजारीच होतो. आई, गाठ निघाली आहे, कॅन्सरची आहे, बरी होणारी आहे, रडायचं नाही, मी रडत नाहीये. असं, एका दमात, आवाज हलला नाही. ऑपरेशनच्या वेळी त्या येऊन, मुक्काम करून गेल्या, तेव्हाही ही तशीच खणखणीत. आणि किमोचं ठरलं, पुन्हा आईशी बोलली, फोन ठेवला, आणि मग एकदम डोकं चाचपायला लागली. मी घाबरलो. म्हटलं काय झालं, तर म्हणते, अहो, केसांचं काय?

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. कॅन्सरचं आईला सांगितलं, डायचं सांगता येत नाही! पण ती हसली नाही. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ती ऐंशीची आहे आणि काळीभोर आहे. मी पांढरी झालेली तिने बघायची नाही. आईसमोर मी तिच्यापेक्षा म्हातारी दिसायची नाही. तिला वाटेल, आपल्याआधी ही निघाली."

मी उठलो, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंडातून तेच बाहेर पडलं, सवयीने... रंगाचं माझ्यावर सोड.

गेलो दवाखान्यात. डॉक्टर समजावतायत, कोणतं औषध, किती वेळा, उलटी झाली तर काय, ताप आला तर काय, आणि शेवटी म्हणाले काही विचारायचंय? मी म्हटलं, हो, रंग कधी लावायचा? डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, कशाला? म्हटलं, डोक्याला. त्यांनी मला सरळ सिस्टरकडे पाठवलं.

ही सिस्टर म्हणजे, तुम्हाला सांगतो, आवाज इतका हळू की आपण पुढे वाकतो, आणि वाकलो की ती आपल्याला गप्प करते. म्हणाली, डाय नाही. म्हटलं अमोनिया नसलेला? नाही. म्हटलं अगदी पातळ, पहिला हात देतो तसा? म्हणाली, काका, औषध चालू असताना डोक्याची कातडी नाजूक होते, केस ठिसूळ होतात, औषध संपल्यावरसुद्धा काही महिने नाही, आणि त्यानंतरही आम्हाला विचारून. मी म्हटलं, सिस्टर, मी रंगात आहे. ती म्हणाली, मी केसांत आहे. झालं! वीस वर्षांची नोकरी गेली माझी, एका वाक्यात.

पण तिनेच मग ती टोपी दाखवली. थंड टोपी. मशीनला नळी, नळीला टोपी, आतून गारेगार पाणी फिरतं, डोकं गोठवतात म्हणजे औषध केसांच्या मुळांपर्यंत कमी जातं आणि केस टिकायची शक्यता वाढते. टिकतीलच असं नाही, म्हणाली, विरळ होतील, काहींचे जातातही. हिने टोपी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, घालीन. आता मला सांगा, केस टिकवायला लोक ती टोपी घालतात, पण जे केस आईला दाखवायचे नाहीत तेच टिकवणारी बाई तुम्ही बघितलीय का? म्हणजे केस गेले तर आई खचणार, राहिले तर मुळं पांढरी येणार, आणि रंग लावायचा नाही! पण ती म्हणाली, आधी राहू तर देत.

टोपी घालायची रीत ऐका, कारण पुढे माझा घात तिथेच झाला. आधी केस ओले करायचे, मग त्यावर कंडिशनर लावायचा, केस नीट पसरायचे, मग टोपी घट्ट. पहिला पाव तास वाईट. ओठ पांढरे पडले तिचे, दातावर दात. मी हात धरून बसलो होतो. मला भीती वाटत होती, सरळ सांगतो. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की मी तिच्या डोक्यापाशी आहे आणि माझ्या हातात काहीच नाही. आणि ती, दात वाजतायत तरी, मला म्हणते, अहो, असं काय बघताय, फ्रीजमधलं पातेलं आहे का मी?

आणि घरी? धुणं माझ्याकडे आलं! केसांचं. सिस्टरने सगळं शिकवून ठेवलं होतं. कोमट पाणी, साधा सौम्य शांपू, चोळायचं नाही, नखं नाहीत, टॉवेलने रगडायचं नाही, नुसतं टिपायचं. ड्रायर नाही. मोठ्या दातांचा कंगवा, तोही टोकाकडून वर. उशीला गुळगुळीत अभ्रा. मी तिला खुर्चीत मागे रेलवायचो, मानेखाली टॉवेलची गुंडाळी, आणि मगाने पाणी सोडायचो, हळूहळू, तिला झोप लागायची. एकेक केस हातात यायचा. मी तो तिला दिसायच्या आधी बोटाभोवती गुंडाळून खिशात टाकायचो. आणि या हाताला आज कोणीतरी जड म्हणतं! जाऊ दे, क्रमाने सांगतो.

दुसऱ्या किमोच्या आधी सासूबाई आल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कॅन. रिक्षातून उतरल्या उतरल्या म्हणाल्या, जावईबापू, आता काळजी सोडा, दुप्पट करून आणलंय. हिने डोक्याला रुमाल बांधलेला, मी आधीच शिकवून ठेवलं होतं, थंडी वाजते म्हणायचं. पण तेल? म्हटलं, सिस्टरना विचारावं लागेल. तर या कॅनसकट दवाखान्यात हजर! सिस्टर आवाज हळू करून म्हणाली, आजी, तेल नाही. या पुढे वाकल्या. म्हणाल्या, बाळ, ऐंशी वर्षं झाली, माझं डोकं बघ. सिस्टर म्हणाली, छान आहे आजी, पण टोपीखाली तेल नको आणि नाजूक कातडीला कढवलेलं तर नकोच. सासूबाई बाकावर येऊन माझ्या शेजारी बसल्या, कॅन मांडीवर. मीही तिथेच बसलो होतो, रिकामा. मी रंगाचा, त्या तेलाच्या, दोघांनाही त्या पोरीने एकाच बाकावर आणून बसवलं.

टोपीने काम केलं बरं का! विरळ झाले, पण राहिले. बाकीच्या बायका विचारायच्या, सिस्टर कौतुक करायची. पण राहिले कोणते? तुम्हाला सांगतो, काय निवड आहे! मी मन लावून काळे केलेले, तेच जास्त गळाले, आणि मुळाशी जे पांढरे उगवले ते हलायला तयार नाहीत. आठवड्याआठवड्याने भांग रुंद होत चाललाय आणि रुमालाची गाठ पुढे येत चाललीय. सासूबाई रुमालाकडे बघायच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं त्याच वर्षी झालेलं, त्यांना भिंतीवरची मुंगी दिसत होती! म्हणायच्या, एकदा बघू तर दे, टाळूला हात फिरवते. ही म्हणायची, सिस्टरने हात लावू नका सांगितलंय. सिस्टरचा असा उपयोग झाला आम्हाला.

आणि मग त्यांनी जाहीर केलं, पुढच्या खेपेला मी आत येणार, ती टोपी कशी घालतात ते मला बघायचंय.

आता? तिथे रुमाल काढावाच लागतो. हिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं... काय म्हटलं असेन? बरोबर.

विचार केला. डाय नाही, केमिकल नाही, दुकानातला कुठलाही रंग नाही, मी अडाणी नाही, तिच्या डोक्याशी खेळ करणार नाही. पण रंग म्हणजे काय फक्त डब्यातला असतो? स्वयंपाकघरात गेलो. कॉफी. कोको. थोडं कॉर्नफ्लॉवर, धरून ठेवायला. बशीत कालवलं, डोळे बारीक केले, कॉफी वाढवली, आणि तुम्हाला सांगतो, हिच्या केसांची शेड अशी उतरली की माझं मलाच कौतुक वाटलं! आधी माझ्या मिशीवर लावून बघितलं. वाळू दिलं. नळाखाली धरलं. पाण्याने हललं नाही. म्हटलं जिंकलो. सकाळी कापसाने अलगद, फक्त भांगावर आणि कानशिलांवर टिपलं, केसांना ओढ नाही, कातडीला घासणं नाही. तिला त्या दिवसांत वासाचा त्रास व्हायचा, नाकाशी लिंबू धरून बसली, पण हूं की चूं केलं नाही. म्हणाली, आज अख्खा दिवस मी कॉफीच्या दुकानात आहे असं समजते.

वॉर्डात गेलो. सासूबाई खुर्ची ओढून अगदी पुढे, नाटकाला बसतात तशा. हिने रुमाल काढला. काळेभोर! सासूबाई माझ्याकडे बघून अशा हसल्या, मान डोलावली, तेलाच्या नावाने. मी छाती काढून उभा. सिस्टरने पाणी फवारलं. हललं नाही! मी आणखी थोडी छाती काढली. आणि मग तिने हातावर कंडिशनर घेतला...

पाण्याची परीक्षा घेतली होती हो मी. कंडिशनरची नव्हती घेतली! गुळगुळीत, चिकट, तेलकट, त्याने सगळं सोडवलं. आधी एक ओघळ कपाळावरून. मग दुसरा नाकाच्या शेंड्यापर्यंत. मग कानामागून, मानेवरून, पांढऱ्या चादरीवर. सिस्टर थांबली. नाक वर केलं, इकडेतिकडे हुंगलं आणि तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली, वॉर्डात कॉफी कोणी आणली?

मी छताकडे बघत होतो. छताला पोपडे आले होते, ओल असणार आत, प्रायमर मारलेलाच नव्हता... अशा वेळी माणसाला काय काय दिसतं! खाली बघायची हिंमत नाही. कारण खाली भांग होता, चांगला दोन बोटं रुंद, पांढराशुभ्र, आणि त्याच्यासमोर ते नवीन डोळे. आणि ही. हिने डोळे मिटून घेतले होते, लहान मुलं मिटतात तसे.

सासूबाई उठल्या. पिशवीतून नॅपकिन काढला. हिचं कपाळ पुसलं, नाक पुसलं, कानामागे पुसलं. मग त्या पांढऱ्या भांगावरून अगदी हलकं एक बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि सिस्टरला म्हणाल्या, "या औषधाने केस पांढरे होतात वाटतं."

सिस्टरने हिच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं, माझ्या मिशीकडे जरा जास्तच वेळ बघितलं. म्हणाली, होतं आजी असं कधीकधी. आणि केस नीट धुऊन घेऊन टोपी घातली. सांभाळून घेणारं माणूस ते. मला बाहेर नेऊन मात्र असं काही सोललंय, हळू आवाजात, की त्यापेक्षा ओरडली असती तर बरं. तिच्या डोक्यावर मला न विचारता यापुढे काहीही लावायचं नाही, अगदी जेवणातलंसुद्धा नाही, कबूल? म्हटलं कबूल. आणि मिशी धुवा.

रात्री ही म्हणाली, वाचलो हो. औषधावर गेलं. मी म्हटलं, आईंनी बघितलं, खचल्या का? नाही ना? ती उशीला टेकून त्या दिवशी शांत झोपली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐका, दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई खोलीतून बाहेर आल्या त्या डोक्याला रुमाल बांधून! कपाळापासून मानेपर्यंत घट्ट. माझ्या लेकीच्या डोक्याला रुमाल, तर माझ्याही डोक्याला. ती काढेल तेव्हा मी काढीन. समोरच्या वहिनी बघायला आल्या, डोळे पुसत गेल्या. दवाखान्यात सिस्टरने त्यांना फिरवून सगळ्या बायकांना दाखवलं, हे बघा, आई बघा. झोपतानासुद्धा काढत नव्हत्या हो तो रुमाल! न्हाऊन बाहेर यायच्या त्या बांधूनच. मी हिला म्हटलं, आई असावी तर अशी, काय ते प्रेम. ही माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, तुम्ही रंगाच्या दुकानात किती वर्षं आहात हो? मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? म्हणाली, काही नाही.

किमो संपली. तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या पुण्याईने चांगली संपली. डॉक्टर म्हणाले रिपोर्ट उत्तम. सिस्टरने टोपी शेवटची काढली आणि हिने त्या टोपीला चक्क थोपटलं. बाहेर येता येता मी सिस्टरला म्हटलं, आता काही महिन्यांनी रंग? ती म्हणाली, विचारून. मी मनातल्या मनात शेड जुळवायला घेतली, आता नवा केस, नाजूक, तपकिरी थोडा जास्त घ्यावा लागेल... तर ही घरी येऊन आरशापुढे उभी, हातात कात्री. म्हणाली, काळी टोकं कापा. मी म्हटलं, आणि? म्हणाली, "आणि काही नाही. हे पांढरे एवढ्या थंडीत टिकून राहिलेत. यांना आता लपवायचं नाही."

कापली. बोटभर लांबीचे, पांढरे, सगळे. मी बाजूला झालो आणि बघितलं आणि, काय सांगू तुम्हाला, मी आयुष्यभर रंग जुळवले, पण हा माझ्या शेड कार्डात नव्हता. छान दिसत होती. मला आनंद झाला, पण रंगाचं आता माझ्यावर कोण सोडणार? तिसरा रविवार आला, मी सवयीने पेपर बाथरूममध्ये पसरला, मग घडी घालून परत आणला.

हिने रुमाल काढला. म्हणजे सासूबाईंनीही काढायला हवा की नाही? त्यांचाच शब्द! पण त्या काही काढेनात. म्हणे थंडी वाजते. म्हटलं, हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय...

परवा, ही समोर वहिनींकडे गेली होती, मी स्वयंपाकघरात. सासूबाई आल्या, दार लोटलं, दार वाजलं नाही, आमचं वाजतच नाही. आणि त्यांनी रुमाल सोडला.

चार बोटं पांढरं! मुळापासून चार बोटं पांढरंशुभ्र, आणि त्याखाली... निव्वळ काळं. बुटाचं पॉलिश! मी म्हटलं, सासूबाई, तेल? तर म्हणतात कशा, आमच्या गल्लीतली पार्लरवाली येते घरी, कडी लावून करते. इथे मुक्काम लांबला, कोणाला सांगणार? म्हटलं, आणि तेल? म्हणाल्या, ते मी दारांना घालते, आमच्याकडे एक दार करकरत नाही.

मी खाली बसलो. म्हटलं, मग एवढी वर्षं ते कढवायचं कशाला? तर त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य मी विसरणार नाही, "मला नाही लागू पडलं. पण तिचे राहिले ना काळे. मला वाटलं, लेकीला तरी पडतंय, म्हणून करत राहिले."

त्या दिवशी वॉर्डात भांगावर बोट फिरवलं तेव्हा त्यांना कळलं होतं सगळं. उगवतीचं पांढरं आणि औषधाचं पांढरं, त्यांना नाही कळणार तर कोणाला? मी म्हटलं, मग आता काय ते, ती पांढरी झालीच आहे, तुम्हीही राहा तशाच. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, जावईबापू, तिला अजून बरं व्हायचंय. तिला आई धडधाकट दिसली पाहिजे. मी थकलेली दिसले तर ती माझ्याकडे पाणीसुद्धा मागणार नाही. रंगाचं तुमच्यावर सोडते. फक्त तिला कळता कामा नये.

म्हणजे मायलेकी बघा! ही म्हणे मी म्हातारी दिसले तर आई खचेल, ती म्हणे मी म्हातारी दिसले तर लेक खचेल, आणि दोघींच्या मधे मी, ब्रश घेऊन.

त्यांच्या कानामागे रंगाचा एक थेंब लावून ठेवला, दोन दिवस वाट बघितली, काही खाज नाही, पुरळ नाही. आणि आज सकाळी, रविवारी, पेपर पसरला, स्टूल ठेवलं, टॉवेल गुंडाळला, कडी लावली. काळा आणि तपकिरी, वयाला शोभेल असा, तपकिरी जास्त. निम्मं डोकं झालं असेल, तेवढ्यात बाहेरून हिचा आवाज.

"अहो, आईच्या कानामागे नीट लावा. तिथे तुमचं नेहमी राहतं."

आम्ही दोघंही गार! सासूबाई स्टुलावर, मी ब्रश वर धरून, थेंब पेपरवर. बाहेर ही गुणगुणत गेली, कपबशा वाजायला लागल्या. सासूबाई हळूच म्हणाल्या, ओळखलं वाटतं तिने. म्हटलं, रुमाल बांधलात त्याच दिवशी ओळखलं असणार, रंगाच्या दुकानात मी उगाच बसतो. मला वाटलं आता रडतील, रागावतील, उठून रुमाल बांधतील. तर त्यांनी आरशात स्वतःकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, मान पुन्हा खाली घातली आणि म्हणाल्या, चालू द्या. पण हात जरा जड आहे हो तुमचा. पार्लरवालीचा हलका आहे.

अहो, सासू आहे. म्हटलं, मान थोडी डावीकडे घ्या... कानामागचं राहिलंय.